पोटभर जेवलेले कोट

चारुलता भालेराव नेमकं काय करतात, हे लालागुड्याच्या गल्लीत कुणालाच नीट सांगता येत नाही. पत्रिकेवर, पावतीवर, शाळेच्या कागदावर ‘व्हिजिटिंग आर्टिस्ट’ असं लिहिलेलं असतं. त्यांच्या माय विठाबाई त्याचा अर्थ शेजारणींना असा सांगतात, की आमची चारू शाळेत पाहुणी म्हणून जाते, पण रोज जाते. असली पाहुणी तुमच्या घरी आली म्हणजे समजंल.

पाहुणी अंगापिंडाने लहानखुरी, वयाने पन्नाशीच्या उंबऱ्यावर आणि आवाजाने मात्र उंबरा ओलांडून रस्त्यापर्यंत पोचलेली. हैदराबाद-सिकंदराबादच्या शाळांतून त्या मुलांना अंगावर घालायची कला शिकवतात. म्हणजे वर्तमानपत्राच्या बांगड्या, जुन्या टायांचे फेटे, गोणपाटाचं जाकीट, बाटल्यांच्या झाकणांचा राणीहार. चित्र काढून भिंतीला लावणं हा त्यांच्या मते कलेला उलटं टांगायचा प्रकार. केलेली वस्तू करणाऱ्याने अंगावर घालून दिवसभर हिंडलं पाहिजे, गणिताच्या तासालासुद्धा, हा त्यांचा नियम. गणिताच्या एका सरांनी यावर लेखी तक्रार दिली होती, की फळ्याकडून वळून पाहिलं तर समोर वर्ग नसून दरबार भरलेला दिसतो आणि अपूर्णांक शिकवताना आपलीच मान आपोआप लवते.

बाईंचे वडील नामदेवराव नांदेडकडच्या खेड्यातून येऊन इथल्या रेल्वे कारखान्यात फिटर झाले, त्यामुळे चारुलताबाईंचं बालपण रेल्वे क्वार्टरात गेलं. नांदेडचे नातेवाईक त्यांच्या मराठीला हसायचे, कारण त्यात ‘हौ’ आणि ‘नक्को’ यांची सढळ पेरणी असे. इथले शेजारी त्यांच्या तेलुगूला हसायचे. दोन्हीकडून असं पोटभर हसून झाल्यावर त्यांनी ठरवलं, की आपण हाताने बोलावं. कलेची पदवी घेतली आणि आबिड्सच्या एका साडीच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना साड्या नेसवायच्या नोकरीला लागल्या.

तिथे त्यांनी काही वर्षं काढली. पुतळे इतके सुरेख नेसवत, की गिऱ्हाईक पुतळ्याला नमस्कार करून आत येई. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलू लागली. शहरातल्या उत्तमातल्या उत्तम साड्या ज्या बायका नेसल्या होत्या, त्यांना ना कुठल्या लग्नाला जायचं होतं, ना कुणाशी भांडायचं होतं, ना पदराने कुणाचं नाक पुसायचं होतं. इतका नट्टापट्टा आणि जन्मभर काचेमागे उभं राहायचं. एक दिवस बाईंनी नोकरी सोडली. मालकाने निरोपादाखल एक मोडका, बिनडोक्याचा पुतळा दिला. तो शिकवायला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी ठेवून घेतला.

या पुतळ्याला शाळोशाळी नेण्याचं काम त्यांचे यजमान शिवराज यांच्याकडे आलं. शिवराज वीज खात्यात, स्वभावाने अर्थिंगची तार. घरातले सगळे झटके निमूटपणे जमिनीत सोडतात. ते स्कूटरवर पुतळ्याला मागे बसवतात, ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधतात आणि ऑफिसच्या आधी शाळेत सोडून येतात. मेट्टुगुड्याच्या सिग्नलला एका ऑटोवाल्याने बराच वेळ निरखून विचारलं, “मियाँ, भाभी का सर किधर है?” शिवराज हिरव्या दिव्याकडे पाहत म्हणाले, “घर पे भूल गए.” ऑटोवाल्याला ते पटलं. हैदराबादेत माणूस घरी काहीही विसरू शकतो.

बाईंची खरी लढाई मात्र सुरू होती ती लिटल कॉमेट हायस्कूलमध्ये. शाळा चांगली, मुलं गोड, आणि प्रिन्सिपल सुजना राव मॅडम तर कलेच्या भक्तच. सगळी अडचण त्या भक्तीतच होती. शाळेच्या दारात, पायाभरणीच्या फरशीशेजारी, मॅडमनी एक काचेचं कपाट करून घेतलं होतं. आत पिवळेधमक दिवे, बाहेर पितळी कुलूप, आणि किल्ली मॅडमच्या स्वतःच्या जुडग्यात, घराच्या किल्लीशेजारी. मुलांनी हाताने केलेली प्रत्येक चांगली वस्तू त्या कपाटात जायची आणि शाळेची व्हायची. पालक येऊन कपाटाचा फोटो काढत. फोटोत दिव्यांचा उजेड आणि स्वतः पालक एवढंच येई. मधल्या सुट्टीत पोरं काचेला नाक लावून आपापल्या बांगड्या एकमेकांना दाखवत, दवाखान्यात ठेवलेल्या नातेवाइकाला भेटायला आल्यासारखी.

चारुलताबाई वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागत होत्या. मुलांनी केलेलं मुलांना घरी घालून जाऊ द्या. मॅडम दरवर्षी गोड हसून म्हणत, चूद्दाम. म्हणजे, पाहू या. शाळेच्या भाषेत याचा अर्थ नाही असा होतो, आणि सरकारी भाषेत याहून वाईट होतो.

यंदा बाईंनी कंबर कसली. आठवीच्या वर्गाकडून त्यांनी कोट शिवून घ्यायचे ठरवले, तेही वाकळेचे. मराठवाड्यात घराघरात जुन्या कपड्यांचे थरावर थर घालून धावदोऱ्याने वाकळ शिवतात, त्याच रीतीने, फक्त बाह्या नसलेला कोट. कापड विकत आणायचं नाही, प्रत्येकाने घरातलं जुनेरं आणायचं. मग काय, कुणाच्या ताताची, म्हणजे आजोबांची, लुंगी आली, कुणाच्या अम्माची नाईटी आली, कुणाची आखूड झालेली शाळेची पँट, कुणाच्या फुप्पूच्या, म्हणजे आत्याच्या, निकाहातला शरारा. दोन महिने वर्ग टाके घालत होता. मुलांची बोटं टोचून टोचून चाळणीसारखी झाली, पण कोट असे देखणे झाले की वार्षिक समारंभात स्टेजवर घालायची परवानगी मॅडमनी आपणहून दिली. समारंभानंतर कोट कुठे जाणार हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती; कपाटातल्या बांगड्या एका बाजूला सरकवून जागा करून ठेवली होती.

कोट घरी गेलेच पाहिजेत, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. कसं, ते मात्र त्यांना अजून सुचलं नव्हतं.

शेवटचं ठिगळ लावायच्या दिवशी बाईंनी मायला वर्गात आणलं. विठाबाईंनी खुर्ची नाकारली, जमिनीवर मांडी ठोकली आणि आपल्या खास दख्खनीत मुलांना सांगितलं, की वाकळ बंद करायच्या आधी तिच्या पोटात भाकरीचा एक तुकडा ठेवायचा. त्याला घास म्हणतात. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाराला ऊब कुठून देणार?

पुढच्या बाकावरच्या एका चौकस मुलाने विचारलं, की ही पूजा आहे का, कारण पूजा असेल तर पपांना विचारावं लागेल. विठाबाई म्हणाल्या, “पूजा कशाची रे बाबा? आम्ही बुद्धाची माणसं. देव आम्ही कधीच सोडले. पण देव सोडले म्हणून कुणाला उपाशी ठेवावं असं कुठं लिहिलंय?”

हे वर्गाला पटलं. तुकडा नखाएवढा असावा आणि वाळलेला असावा, हे विठाबाईंनी सांगितलं नाही. चुलीवर वाढलेल्या माणसाला ते सांगायचं सुचत नाही. चारुलताबाईंनी सांगितलं असतं, पण नेमकं तेवढ्यात त्यांना ऑफिसात बोलावणं आलं. कपाटात कोट टांगायला खुंट्या किती उंचीवर ठोकाव्यात, यावर मॅडमना कलाकाराचं मत हवं होतं. बाईंनी मत दिलं, की खुंट्या ठोकूच नयेत. यावर चर्चा बरीच लांबली. खुंट्या ठोकल्या गेल्या.

बाई परत आल्या तेव्हा शेवटची ठिगळं लागून गेली होती आणि विठाबाई भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. कोट छातीपाशी जरा फुगीर वाटले. बाईंनी तो मुलांच्या उत्साहाचा फुगीरपणा समजून कौतुक केलं. दुसऱ्या दिवसापासून संक्रांतीची सुट्टी. मॅडमना इतके कोट पाहून राहवलं नाही. समारंभापर्यंत कशाला थांबायचं, म्हणून त्यांनी ते सगळे कपाटात टांगले, पिवळे दिवे लावले, कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन विजयवाड्याला माहेरी गेल्या.

सुट्टी संपली त्या सकाळी शाळेत पहिलं पाऊल टाकलं ते प्रवेशासाठी आलेल्या एका जोडप्याने, हाताशी चिरंजीव. मॅडम त्यांना हौसेने कपाटापाशी घेऊन गेल्या. पायाभरणीच्या फरशीखालून एक काळी रेघ निघाली होती, ती भिंतीवरून चढून काचेच्या फटीतून आत शिरत होती आणि आत जाऊन तिच्या अनेक शाखा झाल्या होत्या. कोट हलत होते. चिरंजीवांनी काचेला नाक लावलं आणि ते अशा आनंदाने किंचाळले, की वडिलांनी मॅडमना आदराने विचारलं, मुंग्यांचं प्रदर्शन रोज असतं की ठरावीक वारी?

चारुलताबाई पोचल्या तेव्हा आठवीचा वर्ग रांगेत उभा होता आणि चौकशी चालू होती. कुणी काय घातलं कोटात? मुलं एकेक करून सांगू लागली. साईतेजाने अर्धी बोब्बट्टू, म्हणजे इकडची पुरणपोळी, घातली होती, कारण पुरण त्याला स्वतःला आवडतं. कुणी जर्दाळूंचा गोड खुबानीचा मीठा, बियांसकट. कुणी उस्मानिया बिस्कीट, आणि ते कोरडं लागेल म्हणून चहात बुडवून. एकाने चिकन सिक्स्टीफाइव्ह. पप्पू-अन्नम, म्हणजे वरणभात, कालवून तुपासकट घालणारीही एक निघाली. तिचं म्हणणं, कोट लहान आहे, त्याला चावता येणार नाही. सगळ्यात फुगीर कोट सुमय्याचा होता. तिने डब्यातला डबल का मीठा, पाकात भिजलेल्या पावासकट, अख्खा आत वाढला होता. बाईंनी तिला हळू आवाजात विचारलं, अगं इतका कशाला?

सुमय्याला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, “मिस, पहली बार खा रा था वो. इत्ता सा दिए तो क्या सोचेंगा?”

मराठवाड्याचा घास हैदराबादेत आला आणि त्याची दावत झाली. इथे पाहुण्याला ‘बस’ म्हणायचा अधिकार नसतो. त्याने ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. कोटांनी तर हातही आडवा धरला नव्हता. त्यांना बाह्याच नव्हत्या.

मॅडमचा निकाल तासाभरात आला. कोट पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत. स्टेजवर आठवीचे विद्यार्थी मोर होतील. सुलतान बाजारातल्या हबीबभाईंकडून पिसारे भाड्याने येतील. आणि कलेच्या तासाचं पुढच्या वर्षी काय करायचं, ते चूद्दाम.

बाईंनी पोती ताब्यात घेतली, कचऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येते तेवढ्या मुदतीवर. घरी आल्यावर त्यांनी मायवर जो काही आवाज चढवला, तो लालागुड्याच्या रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेला असावा. विठाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उलट विचारलं, “मी घास सांगितला का जेवणावळ सांगितली? तू कुठं गेली होतीस तवा?” शिवराज दोघींच्या मध्ये बसून वाटाणे सोलत होते. झटके जमिनीत जात होते.

सकाळी बाई उठल्या, अंथरुणं काढू लागल्या, रोजच्यासारखी वाकळ दोन्ही हातांनी गच्चीच्या कठड्यावर झटकली. आणि झटकता झटकता थांबल्या. ही वाकळ त्यांच्या लहानपणीची. हिच्याही पोटात घास होता. मायने घातलेला, त्यांच्या देखत. इतकी वर्षं झाली, हिला मुंगी कशी लागली नाही? बाईंनी ती पुन्हा झटकली. रोज झटकली जाते. उन्हात पडते. रात्री तिच्यावर कुणीतरी लोळतं, लाथा मारतं, ओढाओढी करतं. मुंगी झाली तरी तिला घर करायला घटकाभर निवांतपणा लागतो, आणि तो वाकळेच्या आयुष्यात नाही. कोटांना मात्र सगळं मिळालं होतं. बंद दार, पिवळी ऊब, विजयवाड्याला गेलेली किल्ली आणि कसली हालचाल नाही. पोरांनी जेवण जास्त वाढलं हे खरं, पण पंगत बसवली ती कपाटाने.

बाईंनी वाकळ तशीच कठड्यावर टाकली, चहाही न घेता स्कूटर काढायला लावली आणि पोती पुढ्यात घेऊन शाळेत पोचल्या. कचऱ्याची गाडी फाटकात उभीच होती. बाईंनी तिला हाताने पुढे जायला सांगितलं आणि मॅडमच्या ऑफिसात शिरल्या.

आधी त्यांनी मॅडमना हवं ते देऊन टाकलं. स्टेज नको. मोर होऊ द्या, पिसारे येऊ द्या, मोरांना मीच रांगेत उभं करीन. दोन दिवस मला मागचं पटांगण द्या. कोट उसवू, धुऊ, उन्हात घालू, पुन्हा शिवू. आणि मग मुलांना ते घालून घरी जाऊ द्या.

मॅडम अवघडल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. शाळेच्या दारात उभं राहून पालक काय म्हणतात हे ऐकायची जबाबदारी त्यांची होती. त्या म्हणाल्या, की चारुलता गारू, स्टेजवर ती कला दिसते. कपाटात कला दिसते. पण रस्त्यावर? रस्त्यावर लोकांना दिसेल, की आमची मुलं चिंध्या घालून शाळेबाहेर पडली.

चारुलताबाई एरवी मोठ्याने बोलतात. आता त्यांचा आवाज उतरला, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना ठाऊक आहे की तो उतरला म्हणजे पावलं मागे घ्यावीत.

“मॅडम, त्या चिंध्या त्यांच्याच घरच्या आहेत,” त्या हिंदीत म्हणाल्या. “फाटकाबाहेर त्यांचेच आजे-आज्या उभे असतात. त्यांना ओळखू येतील. तुम्ही काचेत जपलं ते मुंग्यांनी खाल्लं. आता ज्यांचं आहे त्यांना जपू द्या.”

मॅडमनी हळूच विचारलं, आणि शाळेच्या बसमध्ये मुंग्या झाल्या तर?

“फाटकावर तपासा. कोटांवर एक मुंगी दिसली तर पुढच्या वर्षी मी या शाळेत येणार नाही. तास दुसऱ्या कुणाला द्या.”

हे बोलून झाल्यावर बाईंना आपण काय बोललो ते कळलं. पण तोंडातून गेलेलं आणि टाक्यात गेलेलं परत घ्यायचं नसतं, असं त्यांनीच वर्गाला शिकवलं होतं. अर्थात टाके उसवता येतात हेही त्यांनीच शिकवलं होतं, पण ते त्यांनी त्या क्षणी आठवलं नाही.

मॅडमनी परवानगी दिली आणि पटांगणात पोती रिकामी झाली. शेवटची ठिगळं उसवली गेली आणि आतून जे जे बाहेर आलं त्याचं वर्णन जेवणाऱ्या वाचकांसाठी टाळलेलं बरं. खुबानीच्या बिया तेवढ्या जशाच्या तशा होत्या. बादल्या आल्या, साबण आला, निंबाचा पाला घालून उकळलेलं पाणी आलं. कोट पिळले, आपटले, दोरीवर टांगले. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. वाळलेले कोट पुन्हा बंद करायची वेळ आली आणि बाईंनी सांगितलं, आता घास नको, नुसतं ठिगळ लावा.

एकही टाका पडला नाही. सुया हातात तशाच. शेवटी साईतेजा म्हणाला, की मिस, तो उपाशी राहील. सुमय्याने तर आपला कोट छातीशी धरला आणि मान हलवली, नक्को.

बाईंची चांगलीच पंचाईत झाली. पुढच्या वर्षीची नोकरी एका बाजूला, आणि आठवीचा अख्खा वर्ग दुसऱ्या. त्यांनी थोडा वेळ आभाळाकडे पाहिलं. आभाळाने मत दिलं नाही. मग त्यांनी घरी फोन लावला आणि मायला सांगितलं, ज्वारीची एक भाकरी कर, पातळ, आणि तव्यावर इतकी वाळव की टाकली तर वाजली पाहिजे.

शिवराज ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाकरी घेऊन आले. भाकरी कौलासारखी झाली होती. बाईंनी स्वतःच्या हाताने तिचे नखाएवढे तुकडे केले आणि प्रत्येकाला एकेक दिला, रेशनच्या दुकानदाराइतक्या कठोरपणे. दुसरा मागणाऱ्याकडे पाहिलंही नाही. सुमय्याने तो तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला; तिच्या खानदानात एवढं कमी कुणी कुणाला वाढलं नसावं. बाईंनी सगळ्यांकडून वदवून घेतलं, की कोट रोज घालायचा, रोज झटकायचा, रविवारी उन्हात टाकायचा आणि घडी करून ठेवायचा नाही. ठेवला की मेला.

शाळा सुटायच्या वेळेला फाटकावर तपासणी बसली. मॅडमनी पीटीच्या सरांना विज्ञानाच्या खोलीतलं भिंग देऊन उभं केलं होतं. सर एरवी कवायत घेतात. त्यांनी हे कामही कवायतीसारखंच केलं. एकेक मूल पुढे येई, हात वर, पाठ फिरव, कॉलर दाखव, पुढे चल. चारुलताबाई फाटकाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. कोट जात होते. लुंगी गेली, नाईटी गेली, शरारा चमकत गेला. साईतेजाच्या पाठीवर सरांना एक काळा ठिपका दिसला आणि त्यांनी भिंग असं जवळ नेलं की साईतेजाला गुदगुल्या झाल्या. तो शाईचा डाग निघाला. बाईंनी खांब सोडला आणि पुन्हा धरला.

सुमय्या शेवटी आली. सरांनी तिच्या कोटाला दोन प्रदक्षिणा घातल्या. मॅडम स्वतः जवळ येऊन वाकून पाहू लागल्या. आणि तेव्हाच चारुलताबाईंना मुंगी दिसली. चांगली टपोरी, काळी, घाईत असलेली. ती मॅडमच्या रेशमी साडीवरून, खांद्याच्या पिनेपासून गळ्यातल्या मोत्यांकडे निघाली होती. काचेचं कपाट मॅडमच्या ऑफिसाला लागूनच होतं, हे मुंग्यांना आधीच कळलेलं दिसलं.

बाईंनी दोन बोटांत ती अलगद उचलली. मॅडमनी वळून विचारलं, काय होतं? बाई म्हणाल्या, धागा. सरांनी ते भिंगातून पाहिलं होतं. ते शिस्तीचे गृहस्थ. कोटांची तपासणी सांगितली होती, साड्यांची नव्हे. त्यांनी भिंग खिशात घातलं, टाच जुळवली आणि जाहीर केलं, ऑल क्लिअर.

फाटकाबाहेर एकच गलका झाला. लुंगीच्या कोटाला त्या लुंगीच्या मालकाने पाठमोरंच ओळखलं आणि भर रस्त्यात, स्कूटी बाजूला लावून, तो आपल्या नातवाच्या पाठीवर हात फिरवून शेजारच्या अनोळखी माणसाला ती लुंगी कुठल्या साली कुठे घेतली होती ते तेलुगूतून सांगू लागला. एक अम्मा आपली नाईटी चारचौघांत पाहून आधी लाजली आणि मग जवळ जाऊन टाके मोजू लागली. मॅडम आत जाता जाता थबकल्या होत्या. एका पालकाने त्यांना हात जोडून सांगितलं, की मॅडम, अशी शाळा पाहिली नाही. मॅडमना हे कौतुक आहे की तक्रार, ते नीट कळलं नाही; पण त्यांनी हसून नमस्कार केला आणि कपाटाच्या किल्लीशी हाताने चाळा करत तिथेच उभ्या राहिल्या.

सुमय्याला न्यायला तिची नानी आली होती. उंच, वाकलेली, पानाने ओठ लाल. तिने कोट नातीच्या अंगावरून उतरवला, उलटा केला, आतले टाके बोटाने चाचपले, पुन्हा सुलटा केला आणि सरळ स्वतःच्या अंगात चढवला. जानेवारीची संध्याकाळ होती, हवा गार होती. सुमय्या कोट परत मागू लागली. नानी म्हणाली, “चुप. तू जवान है, तेरेकू ठंड नहीं लगती.”

कोट काखेत घट्ट होत होता. नानीला हात नीट हलवता येईना, तरी काढायला ती तयार होईना. सुमय्याने मदतीसाठी बाईंकडे पाहिलं. चारुलताबाई जवळ गेल्या, काखेत दोन बोटं घालून पाहिली, पाठीवर वीत टाकून माप घेतलं, मग खांद्यावर. मागे बस हॉर्न वाजवत होती आणि शिवराज स्कूटर चालू करून थांबले होते. बाईंनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. घरात जुना दुपट्टा आहे का, त्यांनी नानीला विचारलं. सुती असला तर बरा. उद्या सुमय्याबरोबर पाठवा. हिचा हिला राहू दे, तुमचा वेगळा शिवू.

“आस्तीन भी लगाना,” नानी म्हणाली.

“लगाते,” बाई म्हणाल्या आणि तिच्या हाताची लांबी मोजायला लागल्या.